पसरणी घाट, जुनी पिकअप आणि दीड टनाचा जनरेटर : एका भाड्याचं पूर्ण प्रकरण

पाचगणीतल्या एका हॉटेलनं नवीन मोठा जनरेटर बसवला आणि जुना 62.5 केव्हीएचा कॅनोपीवाला, म्हणजे बाहेरून पत्र्याची बंद पेटी असलेला, विकायला काढला. घेतला आमच्या ओळखीच्या एका आबांनी. भुईंजजवळ त्यांची पोल्ट्री आहे, बंदिस्त पंखेवाली, तिथं लाईट गेली आणि पंखे थांबले की पक्षी गुदमरायला वेळ लागत नाही, त्यामुळं जनरेटर त्यांना लागतोच. सौदा झाला, पैसे दिले, आता खाली आणायचा. आयशर ट्रकवाल्यानं साडेपाच हजार सांगितले, गल्लीतल्या पिकअपवाल्या पोरानं अडीच हजारात आणतो म्हणून सांगितलं, आणि भाडं पोराला मिळालं.

पुढं काय झालं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण मी स्वतः वाईत टेम्पो चालवतो, त्या दिवशी घाटातून फोन मलाच आला, आणि नंतर गॅरेजला गाडी उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आपल्याकडं वाई, सातारा, कराड, इस्लामपूर सगळीकडं दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकअपवर कितीतरी घरं चालतात, आणि त्या सगळ्यांच्या तोंडात एकच वाक्य असतं, "गाडी ओढतीय की, मग काय हुतंय." हे वाक्यच चुकीचं आहे असं माझं मत आहे आणि हे प्रकरण त्यासाठी चांगलं उदाहरण आहे. गाडी किती ओढते हे इंजिन सांगतं, पण गाडीवर किती टाकायचं हे ब्रेक, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि टायर सांगतात, आणि जुन्या गाडीत ही तिन्ही इंजिनाच्या आधी म्हातारी होतात.

आधी गाडी. 2009 चं मॉडेल, पोरानं तिसऱ्या मालकाकडनं घेतलेली. इंजिन खरंच चांगलं, काळा धूर नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू. आरसीवर रिकामं वजन 1,620 किलो, भरलेलं 2,750, म्हणजे कागदावर 1,130 किलो टाकता येतं आणि त्यात ड्रायव्हर-क्लिनरचं वजनही धरायचं असतं, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. आधीच्या मालकानं विटांची भाडी मारायला मागच्या दोन्ही बाजूला जादा पाटे घातलेले, हौद्यात जाड पत्रा ठोकलेला, वर लोखंडी जाळी, पुढं गार्ड. एक खोड होती, तिसरा गिअर उडायचा. चढाला नाही, उताराला, म्हणजे ॲक्सिलेटर सोडला आणि गाडी इंजिनाला ढकलायला लागली की तिसरा आपोआप न्यूट्रलला यायचा. पोरगा म्हणायचा सवय झालीय, चौथ्यावर चालवतो.

आणि जनरेटर. प्लेटवर वजन 1,380 किलो, पण ते कोरडं वजन, म्हणजे डिझेल, कूलंट, ऑइल धरून नाही. विकणाऱ्यानं सांगितलं टनभर असेल, आबांनी तेच पोराला सांगितलं, प्लेट कोणी वाचली नाही. कॅनोपीच्या दाराच्या आत प्लेट असते, दार उघडलं की समोर दिसते.

सकाळी हायड्रानं, म्हणजे क्रेननं, जनरेटर उचलून हौद्यात ठेवला. कॅनोपी हौद्यापेक्षा लांब, म्हणून फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, खाली सोडलेला. हायड्रा ज्या बाजूनं आली त्या बाजूनं सोयीचं पडलं म्हणून इंजिनाची बाजू मागं आली आणि अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करणारी, बाजू केबिनकडं. जनरेटरमध्ये इंजिन-रेडिएटरची बाजू जड असते, म्हणजे वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्याही (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) पाठीमागं गेला. खाली लाकडी ओंडके, वरून दोर. पोरगा, आबा आणि आबांचा पुतण्या तिघं पुढं बसले, जुनी केबलची गुंडाळी पण मिळाली म्हणून तीही हौद्यात टाकली, आणि दांडेघर नाका सोडून गाडी वाईकडं उतरणाऱ्या पसरणी घाटाला लागली.

सुरुवातीला काहीच वाटलं नाही म्हणे, फक्त स्टेअरिंग हलकं लागत होतं. पोराला ते बरंच वाटलं. स्टेअरिंग हलकं लागणं ही लोड मागं गेल्याची पहिली खूण आहे, तिथंच गाडी बाजूला घ्यायला हवी होती. दोन-तीन वळणं गेल्यावर जळका वास यायला लागला, आबा म्हणाले, "आरं वास कसला येतोय?" पोरगा म्हणाला, "लायनर तापल्यात आबा, घाटात येतोच." त्याच्या पुढं पेडल खाली जायला लागलं. दाबलं की स्पंजासारखं, दोनदा मारलं की थोडं वर यायचं, परत खाली. बुवासाहेबांच्या मंदिराच्या अलीकडं पेडल पाऊण खाली गेलं तेव्हा पोरानं जे केलं ते मात्र शंभर टक्के बरोबर केलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर इतकं सुचलं असतं का सांगता येत नाही. त्यानं तिसरा टाकला आणि गिअर लिव्हर डाव्या हातानं दाबून धरला, उडू दिला नाही, गाडी डोंगराच्या बाजूला गटारीकडं घेतली, आणि वेग कमी झाल्यावर हॅन्डब्रेक टप्प्याटप्प्यानं ओढला. गाडी थांबली. पुतण्यानं उडी मारून चाकाखाली दगड लावले.

फोन आल्यावर मी आधी विचारलं दगड लावलेत का, आणि मग सांगितलं की तापलेल्या चाकावर पाणी अजिबात ओतू नका. लोकं लगेच बाटली ओततात, लालभडक डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते नाहीतर तडकते. आणि परत खाली यायचा प्रयत्न करू नका, अर्ध्या तासानं पेडल परत कडक लागेल, त्यावर विश्वास ठेवू नका. तसंच झालं, गार झाल्यावर पेडल कडक झालं आणि पोरगा म्हणायला लागला, "दादा, आता लागतंय की, हळूहळू येतो." मी नाही म्हणलं. आबा माझ्या बाजूनं बोलले म्हणून ऐकलं.

मी वर पोचलो तेव्हा पहिलं काम केलं ते चारी चाकांजवळ हात नेऊन बघितलं. पुढची दोन्ही चाकं अजून इतकी गरम की रिमजवळ हात नेता येईना, पॅड जळाल्याचा वास. मागचे दोन्ही ड्रम गार, चक्क हात ठेवता येत होता. दीड टन लोड मागं, आणि मागचे ब्रेक गार. ह्या एका गोष्टीत सगळं प्रकरण होतं, आणि हॅन्डब्रेक का लागला त्याचं उत्तर पण तिथंच, हॅन्डब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो आणि ते ड्रम तापलेलेच नव्हते.

वाईवरनं हायड्रा मागवली, साडेपाच हजारवाला आयशर मागवला, घाटात एका बाजूनं ट्राफिक सोडत लोड बदलला. मधला वार होता म्हणून जमलं, शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या गर्दीत हे काम झालं नसतं. आयशर खाली आल्यावर आबांनीच वजनकाट्यावर लावायला सांगितला, जनरेटर आणि केबल मिळून निव्वळ 1,510 किलो. टनभर म्हणून सांगितलेला माल दीड टन निघाला. पिकअप रिकामी, पहिल्या गिअरमध्ये, माझ्या टेम्पोच्या मागं मागं गॅरेजला आणली, आणि येताना तिलाही काट्यावर घेतलं. रिकामी गाडी, आत कोणी नाही, 1,760 किलो.

आरसीवर 1,620. हे जादाचे 140 किलो म्हणजे पाटे, पत्रा, जाळी आणि गार्ड. जुनी गाडी अशी दरवर्षी थोडी थोडी जड होत जाते, मालकाला वाटतं मजबूत केली, पण पासिंग, म्हणजे कागदावरचं भरलेल्या गाडीचं वजन, तेवढंच राहतं आणि आत टाकायचं वजन कमी होतं. हिशोब करा, 2,750 वजा 1,760 म्हणजे 990, त्यातून ड्रायव्हर-क्लिनरचे 140 काढले तर 850. ह्या गाडीची खरी ताकद साडेआठशे किलो, आणि तिच्यावर 1,510 टाकून वर तीन माणसं. घाटात गाडी 3,480 किलोची होती, पासिंगपेक्षा 730 किलो जास्त.

आता गॅरेजमधलं. मिस्त्री वयस्कर माणूस, कमी बोलणारा. गाडी वर घेतली आणि मागच्या एक्सलजवळ बॅटरी मारून आम्हाला बोलावलं. तिथं एक छोटा व्हॉल्व असतो, एलएसपीव्ही, त्याची काडी एक्सलला जोडलेली असते. काम असं की हौद्यात लोड पडला की पाटे दबतात, चेसी (गाडीचा सांगाडा) खाली येते, काडी हलते, आणि व्हॉल्वला कळतं की आता मागं वजन आहे, मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोड. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी सोडायचं, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. आता ह्या गाडीत जादा पाटे घातलेले. लोड पडला तरी चेसी पाहिजे तेवढी दबतच नाही, काडी हलत नाही, आणि व्हॉल्व बिचारा समजून बसतो की गाडी रिकामी आहे. आमच्या गाडीत तर काडीचा बुशही झिजलेला, म्हणजे जेवढं हलायला पाहिजे होतं त्यातलंही निम्मं वाया. तेव्हा दीड टन घेऊन उतरताना ब्रेकचं जवळजवळ सगळं काम पुढच्या दोन डिस्कवर, आणि पुढची चाकं आधीच हलकी, कारण लोड मागं.

ज्या जादा पाट्यांमुळं गाडी मजबूत झाली असं मालकांनी समजलं त्या पाट्यांनीच मागचे ब्रेक मारले. हे मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाट्यांचं काम करणारा कमानवाला ब्रेकचं बघत नाही, ब्रेकवाला पाट्यांचं बघत नाही, आणि गाडी सपाटीला व्यवस्थित थांबते म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

मग ऑइल. ब्रेक ऑइलच्या डबीत चहाच्या रंगाचं ऑइल, कधी बदललं कोणालाच माहीत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाचगणी-वाईच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. नवीन डॉट 3 ऑइल 205 डिग्रीला उकळतं, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकात धरलेला आकडा 140 डिग्रीच आहे. डॉट 4 ला हेच 230 आणि 155. उतारावर पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅड दाबणारे भाग, एवढे तापले की आतलं ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली गेलं. गार झाल्यावर वाफेचं परत ऑइल झालं, पेडल कडक. म्हणूनच पोराला वाटलं की ब्रेक दुरुस्त झाले.

तिसरा गिअर उडायचा म्हणून गाडी चौथ्यावर, चौथ्यावर इंजिन धरत नाही म्हणून सारखा ब्रेक, ब्रेक लागतो तो फक्त पुढं, आणि पुढच्यात ऑइल पाणी झालेलं. ह्यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर रोज हजारो गाड्या तसल्याच चालतात. चारी एकत्र आल्या त्या पसरणी घाटात, वर 730 किलो जास्तीचे.

घाटाचाही हिशोब सांगतो, कारण लोकांना उताराची ताकद कळत नाही. वाई ते पाचगणी अंतर साधारण 12 किलोमीटर आणि उंचीचा फरक साडेपाचशे मीटरच्या वर. 3,480 किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे साधारण 18-19 मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. साठ लिटर गार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही. ताशी 30 नं उतरलं तर सतरा हॉर्सपॉवरचा एक हिटर सतत चालू आहे असं धरा, त्यातली थोडी टायरच्या घर्षणात जाते, उरलेली इंजिन तरी खातं नाहीतर ब्रेक तरी. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा हिस्सा खातं आणि रेडिएटरमधनं, सायलेन्सरमधनं बाहेर फेकतं, ब्रेक अधूनमधून लागतो. चौथ्यावर जवळजवळ सगळी डिस्कवर. आणि वेग निम्मा केला की तीच उष्णता दुप्पट वेळेत बाहेर पडते, डिस्कला गार व्हायला सवड मिळते. घाटात हळू चाला म्हणतात ते ह्यासाठी.

न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे पण आहेत आपल्याकडं, काहीजण तर इंजिनच बंद करतात. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम देणारा वेगळा पंप असतो, तो इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पेडल मारल्यावर बूस्टर संपला, मग दोन्ही पाय देऊन उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही. ह्या पोरानं तसं केलं नव्हतं, नाहीतर आज वेगळं लिहावं लागलं असतं.

लोड कुठं ठेवला ह्याचा हिशोब तर शाळेतल्या तरफेचा आहे. ह्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण तीन मीटर. जनरेटरचा मध्य मागच्या एक्सलच्या पाठीमागं वीतभर, 25 सेंटीमीटर धरू. 1,510 गुणिले 25 भागिले 300 म्हणजे सव्वाशे किलो पुढच्या चाकांवरनं उचलले गेले आणि मागच्यांवर जादा पडले. मागच्या एक्सलवर गाडीचं स्वतःचं धरून दोन टन चारशेच्या आसपास वजन, आणि मागं दोनच टायर, त्यांच्यावर लोड इंडेक्स 104, म्हणजे एका टायरला 900 किलो, दोन्हीचे 1,800. सहाशे किलो जास्तीचे घेऊन ते टायर वळणं घेत होते. टायर फुटले नाहीत हे नशीब. तोच जनरेटर उलटा, इंजिन केबिनकडं करून ठेवला असता तर मध्य एक्सलच्या पुढं आला असता आणि पुढच्या चाकांना अडीचशे किलोचा फरक पडला असता. हायड्रावाल्याला दहा मिनिटं थांबवून गाडी फिरवून लावायची, एवढंच काम होतं.

नंतर गॅरेजमध्येच चर्चा निघाली की कॅनोपी काढून, डिझेल काढून, दोन खेपा करून पिकअपमध्ये जमलं असतं का. कॅनोपी सव्वातीनशे किलो धरली तर नुसता जनरेटर 1,050 च्या आसपास, एकट्या ड्रायव्हरचे 70, झाले 1,120. आरसीच्या 1,130 मध्ये बसतं. पण काट्यावरच्या 990 मध्ये बसत नाही. म्हणजे हे भाडं ह्या गाडीचं नव्हतंच, कितीही जुगाड केला तरी नव्हतं, आणि साडेपाच हजार सांगणारा आयशरवाला महाग नव्हता, तोच बरोबर दर होता. आबांना हे पटलं. पोराला पटायला वेळ लागला, त्याचं म्हणणं ह्याच गाडीतनं दोन-दोन टन विटा नेल्यात. नेल्या असतील, सपाटीला नेल्या असतील, आणि विटा हौदाभर पसरून बसतात, जनरेटरसारख्या उंच होऊन एका जागी बसत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, शिवाय जास्तीचा माल तिथंच उतरवायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे. तीन टनाच्या आतल्या पासिंगच्या मालगाडीला परमिट लागत नाही म्हणून लोकांना वाटतं वजनाचा नियमही नाही, तसं नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, ह्या गाडीचा होता, चालू तारखेचा. फिटनेसला गाडी रिकामी जाते, आणि रिकाम्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागले तरी गाडी थांबते.

पैशाचं असं झालं. पाचगणीची हायड्रा तशीही लागणारच होती. घाटातल्या हायड्राचे 4,500 आबांनी आणि पोरानं निम्मे निम्मे दिले, आयशरचे 5,500 आबांनी दिले. पिकअपचं भाडं पोरानं मागितलं नाही. गॅरेजला जादा पाटे काढले, एलएसपीव्हीची काडी-बुश नवीन टाकून लोड ठेवून सेट केली, पुढचे पॅड आणि एक डिस्क बदलली, सगळं ऑइल काढून डॉट 4 भरलं, हौद्यातला जाड पत्रा काढला. परत काट्यावर घेतली तेव्हा 1,660 भरली, जाळी आणि गार्ड अजून आहेत.

जनरेटर पोल्ट्रीवर बसलाय, चालतोय. तिसऱ्या गिअरचं काम मात्र राहिलंय, मिस्त्रीनं गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल म्हणून सांगितलंय आणि पोराकडं सध्या तेवढे पैसे नाहीत. तोवर तो घाटातली भाडी घेत नाही, वाई-भुईंज, वाई-सातारा एवढीच करतो, आणि मशीन असेल तर आधी प्लेटचा फोटो पाठवा म्हणतो.